पुएर्तो वायार्तातली एकादशी

"तीन हजार माणसांच्या बोटीवर एकादशी करणारी तू एकटीच असशील," लेक म्हणाली. असेन. घरून काही पंचांग बघून निघाले नव्हते, पण फोनमधल्या कॅलेंडरने आदल्या रात्री बरोबर आठवण केली. आणि दुसऱ्या दिवशी बोट लागणार होती मेक्सिकोतल्या पुएर्तो वायार्ताला. जावयांनी या गावातल्या टाकोच्या गाड्या यूट्यूबवर बघून बघून पाठ केलेल्या, आणि सासूचा नेमका उपास. ह्यांनी मात्र लगेच तोडगा काढला, "तू तुझी एकादशी कर, तुझ्या वाटणीचं मी खातो."

मी जीवशास्त्राची शिक्षिका होते, वेंगुर्ल्यात. आता निवृत्त, आणि हिवाळ्यात लेकीकडे कॅलिफोर्नियात. राजवाडे, पुतळे, संग्रहालयं यांत माझं मन पंधरा मिनिटं रमतं, झाडाखाली तासभर. तेव्हा वायार्तातली 'बघायलाच हवीत अशी दहा ठिकाणं' शोधत इथे आलेल्यांनी दुसरीकडे गेलेलं बरं.

ज्यांना खरंच जायचं आहे त्यांच्यासाठी कामाचं तेवढं आधी सांगून टाकते. लॉस एंजेलिसच्या सॅन पेड्रो बंदरातून आठवड्याच्या फेऱ्या निघतात. काबो सान लुकास, मासात्लान, पुएर्तो वायार्ता अशी तीन बंदरं करून बोट परत येते. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. मात्र तो मल्टिपल एंट्रीचा हवा, नाहीतर परत अमेरिकेत शिरताना पंचाईत. आणि हातात एक साधं घड्याळ ठेवा. फोन जमिनीवरची वेळ पकडतो, बोट तिच्या वेळेने चालते, आणि 'सगळ्यांनी वर या' ही वेळ बोटीचीच असते.

आमच्या टेबलावर वाढणारा मुलगा पेडण्याचा. पहिल्याच रात्री त्याच्या छातीवरच्या पट्टीवर नावाखाली 'इंडिया' वाचून ह्यांनी विचारलं, "गाव खंयचो तुझो?" आणि त्यानंतर आम्हाला मेनूकार्ड लागलं नाही. पेडणे आणि वेंगुर्ला, मध्ये फक्त तेरेखोलची खाडी. गोव्यात बोटीवर नोकरी करणाऱ्याला तारवटी म्हणतात. याचा बापही तारवटीच, पण मालवाहू जहाजावरचा. त्या सकाळी माझ्यापुढे पपईची बशी ठेवताना तो हळूच म्हणाला, "काकी, थंय सूर मेळटा."

सूर म्हणजे आपली माडी. मेक्सिकोत? ह्यांचा चहाचा कप हवेतच राहिला.

"मालेकोनवर जावा. खांद्यार मोठो दुदी घेतलेलो मनीस दिसतलो. तोच."

त्याला स्वतःला दुपारी चार तासांची सुट्टी होती. तो गावात जाणार नव्हता. बंदरासमोर मॉल आहे, तिथे फुकट वायफाय मिळतं, तिथल्या बाकावर बसून घरी व्हिडिओ कॉल करणार होता. मुलगी आता बसायला लागली आहे, म्हणाला.

बंदरातून बाहेर पडायचा रस्ता दुकानांतूनच काढलेला आहे. टकीलाचे चिमुकले पेले, व्हॅनिलाच्या बाटल्या, मण्यांच्या कवट्या, ओळीने औषधांची दुकानं (अमेरिकन म्हातारे इथून पिशव्या भरभरून औषधं नेतात, स्वस्त पडतात म्हणून), आणि शेवटी टाइमशेअर विकणाऱ्यांची फळी. फुकट नाश्ता, फुकट बोटीची सफर, फक्त दीड तास आमचं रिसॉर्ट बघा. जावई भिडस्त, ते थांबले. ह्यांचं आयुष्य बँकेत कर्जवसुलीत गेलेलं. यांनी त्या विक्रेत्याला इतके प्रश्न विचारले, की शेवटी त्यानेच "गुड डे, सर" म्हणून आम्हाला वाट करून दिली.

टॅक्सी करू नका. रस्ता ओलांडला की काचेवर 'सेंत्रो' लिहिलेली बस मिळते, आम्ही गेलो तेव्हा माणशी दहा पेसो. एक पेसो म्हणजे तेव्हा आपले साधारण पाच रुपये. ड्रायव्हरच्या डोक्यावर ग्वादालुपेच्या मातेची, म्हणजे इथल्या मेरीमातेची तसबीर, तिच्याभोवती लुकलुकणारे दिवे. दुसऱ्या थांब्यावर एक म्हातारा गिटार घेऊन चढला, दोन गाणी म्हटली, टोपी फिरवली, उतरला. दगडगोट्यांच्या रस्त्यावरून बस अशी खडखडत गेली, की एरवी एसटीतही झोपणारे हे डोळे टक्क उघडे ठेवून बसले होते.

मालेकोन म्हणजे समुद्राकाठचा फिरायचा रस्ता. गाड्यांना बंदी, एका अंगाला बांदेरास उपसागर, दुसऱ्या अंगाला गाव, आणि गावाच्या पाठीला लगेच हिरवा डोंगर. जानेवारीत इथे कुबड्या देवमासे पिलं घालायला येतात. सकाळी डेकवरून दोन-तीन फवारे दिसले होते. मालेकोनभर ब्राँझची शिल्पं आहेत. समुद्रघोड्यावर बसलेला मुलगा हे तर गावाचं चिन्हच झालंय. एका शिल्पात कशालाही न टेकलेली उंच शिडी आहे, तिच्यावर चढणारी दोन चेहरेहीन पोरं आणि खालून हात पसरून ओरडणारी त्यांची आई. आई ओरडतेय ते 'या खाली' म्हणून की 'थांबा, मीही येते' म्हणून, यावर लेकीत आणि माझ्यात मतभेद झाले. पंधरा मिनिटं संपली.

पण वोलादोरेसपाशी, म्हणजे 'उडणाऱ्या माणसां'पाशी, मी थांबले. एक खूप उंच खांब. त्याच्या टोकावर पाच माणसं चढली. एक मधोमध बसून बासरी आणि इवलासा ढोल एकदमच वाजवत होता, आणि बाकीच्या चौघांनी कमरेला दोर बांधून पाठमोरं स्वतःला हवेत सोडून दिलं. डोकं खाली, हात पसरलेले. दोर उलगडत जातो तसं वर्तुळ मोठं होत जातं आणि ते गरगरत खाली येतात. मूळ प्रघात पूर्व किनाऱ्यावरच्या पापांत्लाकडच्या तोतोनाक लोकांचा. पावसासाठीचं आणि पिकासाठीचं ते अनुष्ठान. प्रत्येकाचे तेरा फेरे, चौघांचे मिळून बावन्न, आणि त्यांच्या जुन्या कालगणनेतलं एक चक्रही बावन्न वर्षांचं. युनेस्कोने २००९ मध्ये याला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घातलं. इथे ते टोपीत पडणाऱ्या पेसोंसाठी करतात, दिवसातून कितीतरी वेळा. खाली उतरल्यावर त्यातला एक जण घाम पुसत माझ्या शेजारीच टेकला आणि डब्यातलं जेवण जेवायला लागला. मला तेच जास्त आवडलं.

आणि मग तो दिसला. खांद्यावर आडवा भोपळा, चांगला घागरीएवढा, वाळवून पोकळ केलेला, वर रंगवलेली फुलं. तोंडाला दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचं बूच. बाजूला घडवंचीवर पेले, चिरलेलं सफरचंद, शेंगदाणे.

"अगो, ह्यां बघ!" हे रस्त्यातच ओरडले.

आमच्याकडे, म्हणजे खाडीपलीकडे गोव्यात, माडावर चढणारा रेंदेर कमरेला असाच सुकवलेला दुधी लटकवतो. दुदिणें म्हणतात त्याला. हल्ली प्लास्टिकचे कॅन आले, पण माझ्या लहानपणी आजोळी पहाटे माडावरून उतरणाऱ्या रेंदेराच्या कमरेला तो दुधी हिंदकळताना मी रोज बघितलाय. पृथ्वीच्या पार दुसऱ्या अंगाला तोच दुधी, त्यातही तीच माडी. इथे तिला तुबा म्हणतात.

आता प्रश्न एकादशीचा. माडावरून उतरवलेला ताजा रस म्हणजे नीरा, ती उपासाला चालावी. पण पोयीतून, म्हणजे माडाच्या फुलोऱ्यातून, रस भांड्यात पडल्याक्षणीच हवेतलं यीस्ट कामाला लागतं, आणि उन्हात काही तासांत तिची माडी होते. आमच्याकडे नीरेसाठी मडक्याला आतून चुना लावतात तो हे थांबवण्यासाठीच. मी वास घेतला. लेकीचं स्पॅनिश शाळेतलं. तिने विचारलं, कधीची? आज सकाळची, तो म्हणाला. बर्फावर ठेवलेली. तो शेजारच्या कोलिमा राज्यातला. बापही हेच करायचा, आजाही.

"सकाळची म्हणजे नीराच," ह्यांनी निकाल दिला. या बाबतीत त्यांचा अनुभव माझ्यापेक्षा दांडगा असल्याने मी तो मान्य केला.

त्याने पेल्यात तळाला सफरचंद आणि शेंगदाणे घातले, वरून पांढुरकी तुबा ओतली. गार, गोड, शेवटी जिभेवर किंचित आंबूस. शेंगदाण्यांचं काय काम ते पहिल्या घोटाला कळलं नाही, दुसऱ्याला कळलं. ह्यांनी दोन पेले घेतले आणि तिसऱ्याकडे बघत होते. त्या माणसाला कसं सांगावं कळेना, तेव्हा ह्यांनी हाताने माड दाखवला, वर चढायची खूण केली, पोय कापायची खूण केली, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. तो माणूस मोठ्याने हसला आणि त्यानेही तशीच पोय कापून दाखवली. मनगट वळवायची लकबसुद्धा तीच.

हे इथे आलं कसं, ते जावयांना माहीत होतं. त्यांना इतिहासाचं वेड. मालेकोनच्या कठड्यावर बसून त्यांनी सांगितलं ते असं. १५६४ मध्ये याच हालिस्को राज्यातल्या नाविदाद नावाच्या बंदरातून लेगास्पीचा स्पॅनिश ताफा फिलिपिन्सकडे निघाला. जाणं सोपं होतं, वारा मागून होता. परत येता येत नव्हतं. पुढच्या वर्षी उर्दानेता नावाच्या दर्यावर्दी पाद्र्याने उत्तरेकडून वळसा घालून परतीची वाट काढली. तेव्हापासून १८१५ पर्यंत, म्हणजे अडीचशे वर्षं, मनिला आणि आकापुल्को यांच्यामध्ये गलबतं ये-जा करत राहिली. तिकडून रेशीम, चिनी मातीची भांडी, मसाले; इकडून चांदी. परत येणारं गलबत आधी कॅलिफोर्नियाचा किनारा गाठायचं आणि तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला उतरायचं. म्हणजे आम्ही ज्या वाटेने आलो तीच वाट. या उपसागराच्या दक्षिण टोकाला काबो कोर्रिएंतेस आहे, त्याच्यावरूनच ती पुढे आकापुल्कोला जायची.

गलबतावर खलाशी बरेचसे फिलिपिनो. पगार नगण्य, खाणं वाईट, परतीचा प्रवास चार-पाच महिन्यांचा, त्यात कितीतरी माणसं मरायची. किनारा लागला की ते पळून जायचे. १६१९ मध्ये सेबास्तियान दे पिनेदा नावाच्या स्पॅनिश जहाज-जाणकाराने राजाकडे तक्रार लिहून पाठवली. त्यात आकडाच दिलाय: १६१८ मध्ये 'एस्पिरितु सांतो' जहाज आलं तेव्हा त्याच्यावर ७५ फिलिपिनो खलाशी होते, परत गेले पाच. बाकीचे कोलिमाच्या किनाऱ्यावर राहिले, तिथल्या बायकांशी लग्नं केली, आणि माडावर चढायला लागले. कारण माडही इथे पॅसिफिकपलीकडूनच येऊन रुजला होता, पण त्यातून काय काय काढता येतं हे इथल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. यांनी तुबा काढली, भट्टी लावून तिची दारूही केली. ती इतकी खपायला लागली की स्पेनहून येणाऱ्या वाइनला गिऱ्हाईक उरेना. पिनेदाचं खरं दुखणं हेच. त्याचा उपाय: सगळ्या फिलिपिनोंना पकडून परत पाठवा. ते काही झालं नाही, हे आमच्या हातातल्या पेल्यांवरून उघड होतं. आज ज्या भट्टीत मेस्काल आणि टकीला बनते तिचं तंत्रसुद्धा याच पळपुट्या खलाशांकडून आलं, असं काही अभ्यासक मानतात.

"म्हणजे सगळा धंदा तारवट्यांनीच आणलो," हे म्हणाले.

ग्वादालुपेच्या मातेचं देऊळ (हो, मी देऊळच म्हणते) मालेकोनच्या एका चौकामागे आहे. शिखरावर देवदूतांनी तोललेला मोठा मुकुट. १९९५ च्या भूकंपात जुना कोसळला, हा नंतरचा. आत गारवा होता, बायका गुडघ्यावर बसून पुटपुटत होत्या, आणि वेदीसमोर निशिगंधाच्या काड्यांचा भारा. त्या वासाने मी जागीच थबकले. निशिगंध मूळचा मेक्सिकोचा. झेंडूही इथलाच, नोव्हेंबरात पितरांच्या दिवशी इथली थडगी त्याने भरून जातात. आवारातला पांढरा चाफाही याच भागातला. दसऱ्याचं तोरण, गणपतीचा हार आणि आमच्या वेतोबाच्या देवळाजवळचा चाफा, असा सगळा माझा फुलांचा तास त्या एका देवळात होऊन गेला. लेकीने मला दंडाला धरून बाहेर काढलं.

वायार्ता हे तसं अलीकडचं गाव. १८५१ मध्ये लास पेन्यास नावाने वसलं, १९१८ मध्ये हालिस्कोच्या एका माजी गव्हर्नराचं नाव मिळालं. १९६३ मध्ये जवळच्या मिस्मालोयाला एका हॉलिवूडपटाचं चित्रीकरण झालं, त्यातल्या रिचर्ड बर्टनबरोबर एलिझाबेथ टेलर इथे येऊन राहिली, मागोमाग जगभरचे वार्ताहर आले, आणि कोळ्यांचं गाव नकाशावर चढलं. गाइड लोक या दोघांविषयी अजून असं बोलतात जसं काही ते काल संध्याकाळीच समोरच्या घरातून भांडून बाहेर पडले.

मला घाई होती कुआले नदीची. नदी गावाच्या मधूनच समुद्राला मिळते आणि तिच्या पात्रात एक लांबट बेट आहे, दाट झाडीचं. इथे ऊन एकदम थांबतं. आंब्याला मोहोर आलेला होता, आणि मोहोराचा वास काही देश विचारून येत नाही. आंबाही गलबतातूनच आला. इथल्या एका जुन्या जातीचं नावच 'मनिला'. एका उंच फांदीवर हिरवी इग्वाना उन्हं खात पडली होती, आपल्या घोरपडीपेक्षा लांब, पाठीवर कंगवा. घोरपड मांस खाते, ही पूर्ण शाकाहारी. हॉटेलातली माणसं खाली जेवत होती आणि वरून ही अधूनमधून एखादं पान पाडत होती.

तिथेच एक झाड भेटलं, पापेलियो. तांबूस, चकचकीत बुंधा, आणि त्याची साल कागदासारखी पातळ पापुद्र्यांनी सोलवटत असते. इथले लोक त्याला गंमतीने 'टुरिस्टांचं झाड' म्हणतात. का, ते तेवढ्यात पुलावरून आमच्याच बोटीवरचं एक जोडपं गेलं तेव्हा समजलं: लालबुंद, आणि खांद्यांवरची कातडी निघालेली.

बेटाच्या कडेला बाजार आहे, खाली पर्यटकांची दुकानं. विचोल लोकांचं मणीकाम बघण्यासारखं असतं. लाकडी हरणाच्या अंगावर मेण थापून त्यात एकेक मणी सुईने बसवलेला, हरीण, मका, पेयोते नावाचं निवडुंग अशी चिन्हं. मेक्सिकोच्या डोंगरातल्या आदिवासींचं हे काम खरं असेल तर स्वस्त नसतं, आणि स्वस्त असेल तर खरं नसतं. मी एक छोटंसं घेतलं, घासाघीस न करता. ह्यांना ते अजून पटलेलं नाही.

बाहेर पदपथावर एक बाई टोपली घेऊन बसली होती. टोपलीत राजगिऱ्याच्या वड्या! त्याच, आपल्या चिक्कीच्या, वर मनुका आणि भोपळ्याच्या बिया लावलेल्या. इथे त्यांना अलेग्रिया म्हणतात. मी उपाशी होते आणि समोर राजगिरा. लेकीने हसून हसून डोळे पुसले.

राजगिरा मेक्सिकोतच माणसाच्या शेतीत आला. अ‍ॅझ्टेक लोक सणाला राजगिऱ्याच्या पिठाच्या देवमूर्ती करायचे आणि नंतर त्या फोडून प्रसाद म्हणून खायचे. स्पॅनिश पाद्र्यांना त्यात त्यांच्या ख्रिस्तप्रसादाची विटंबना दिसली, त्यांनी ते बंद पाडलं, आणि राजगिऱ्याची शेतीच मागे पडली. त्याच राजगिऱ्याला आमच्याकडे देवाधर्माच्या दिवशी अन्नाचं स्थान मिळालं. वडी खात खात मी एकादशीच्या ताटाचा हिशेब मांडला. शेंगदाणे दक्षिण अमेरिकेतले. बटाटा अँडीज पर्वतातला. रताळं अमेरिकेतलं. साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून करतात तोही तिकडचाच. हिरवी मिरची तर इथली, खास मेक्सिकोची. उरले वरीचे तांदूळ, शिंगाडा आणि दूध. माझ्या मते झालं असं, की उपासाला काय खायचं नाही याची यादी जुनी. ही मंडळी पोर्तुगीज गलबतांतून नंतर आली, यादीत त्यांचं नावच नव्हतं, म्हणून आत शिरली. माझ्या सासूबाई असत्या तर त्यांनी हे ऐकून मला स्वयंपाकघराबाहेर काढलं असतं आणि साबुदाणा भिजवला असता.

फणस तर कोपऱ्यावरच मिळाला. कापा, सोललेले गरे, प्लास्टिकच्या पिशवीत, मागितलं तर वर लिंबू आणि तिखट. उत्तरेला अमेका नदी ओलांडली की नायारित राज्य लागतं, तिथे फणसाच्या बागाच्या बागा आहेत. इथे त्याला याका म्हणतात. जावई म्हणाले फणसाला तिखट ही विकृती आहे. मी दोन पिशव्या संपवल्या, एक तिखटासह.

ह्यांचं जेवण वाळूवर झालं. लोस मुएर्तोस नावाच्या किनाऱ्यावर एक माणूस काठीला उभा टोचलेला मासा निखाऱ्यावर भाजून देत होता. लिंबू पिळायचं, लाल सॉस ओतायचा, काठी हातात धरून खायचं. "खोबऱ्याचा वाटप नाय," एवढीच ह्यांची तक्रार. पण काठी अगदी स्वच्छ केली. शेजारी एक म्हातारा पेलिकन पक्षी उभा होता, त्याची निराशा झाली.

परत येताना बंदरासमोरच्या मॉलपाशी बसमधून उतरलो. आत पायऱ्यांवर, बाकांवर, झाडांच्या कुंड्यांच्या कठड्यांवर आमच्याच बोटीवरची माणसं बसलेली. गणवेश नसल्यामुळे क्षणभर ओळखू येईनात. प्रत्येकाच्या हातात फोन, प्रत्येकजण आपापल्या भाषेत मोठमोठ्याने बोलत होता. पेडण्याचा मुलगा एका खांबाला टेकून बसला होता. गोव्यात तेव्हा पहाट होती, पण पोरीला उठवून पुढ्यात बसवलेली. त्याने फोन वळवला, आम्ही तिला हात केले. ती रडायला लागली. "सूर मेळ्ळी?" त्याने विचारलं. हे म्हणाले, मेळ्ळी, आणि तुझ्या बापाशीला सांग, रेंदेर हंयसर पण आसत.

बोटीवर फळं नेता येत नाहीत. शिडीपाशी टेबल असतं, तिथे सगळं ठेवून द्यायचं. बियांमधून, सालींमधून कीड आणि रोग देशोदेशी जातात, हे मी वर्गात किती वर्षं शिकवलं. तरी माझ्या रुमालात फणसाच्या चार आठळ्या होत्या, त्या काढून ठेवताना जिवावर आलंच. सुरक्षारक्षक बाईने त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काहीतरी विचारायचा विचार सोडून दिला.

आमची खोली आवरणारा मुलगा फिलिपिन्सचा, लेते बेटावरचा. रोज टॉवेलाची काहीतरी आकृती करून पलंगावर ठेवतो. त्या रात्री माकड चाललं होतं. मी त्याला तुबाचं सांगितलं. त्याचे हात थांबले. "लाल होती?" त्याने विचारलं. पांढरी, मी म्हटलं. "मग ती अर्धवट. आमच्याकडे त्यात झाडाची साल घालतात, लाल करतात. आजोबा काढायचे." मग मी त्याला पिनेदाची गोष्ट सांगितली, माझ्या मास्तरीण इंग्रजीत, सालासकट. पंच्याहत्तर उतरले, पाचच परत चढले.

त्याने माकडाचा दुसरा कान नीट केला.

"मॅडम, त्यांचे पासपोर्ट जहाजाच्या ऑफिसात जमा नसायचे ना," तो म्हणाला, हसला, आणि कपड्यांची गाडी ढकलत पुढच्या खोलीकडे गेला. त्या बाजूच्या बऱ्याच खोल्या अजून व्हायच्या होत्या.